राहिलेला काना

आमच्या वरच्या मजल्यावरच्या प्रूफरीडरला सगळी गल्ली ‘वेलांटी’ म्हणायची. नाव मीच ठेवलं होतं, उगाच दुसऱ्याच्या माथी कशाला मारू? सत्तावीस वर्षं छापखान्यातल्या टेबलावर वाकून त्याच्या पाठीला बाक आला होता. स्वभावही तसाच, दिसली चूक की वाकलाच. सख्ख्या मेव्हण्याच्या लग्नाची पत्रिका त्याने तांबड्या शाईने दुरुस्त करून परत पाठवली होती. मेव्हण्याने ती अजून जपून ठेवली आहे. प्रेमाने नव्हे.

चोपन्नाव्या वर्षी त्याचा छापखाना बंद पडला. महिनाअखेरपर्यंत काम मिळालं नाही तर बिऱ्हाड उचलायचं आणि त्याच मेव्हण्याच्या मागच्या खोलीत जाऊन राहायचं, असं घरात ठरलं. वहिनी हे मला जिन्यात सांगत होत्या, पण बोलताना बघत होत्या कठड्याकडे.

मी जुना कंपोझिटर. मुद्रकांचा मेळावा होता, तिथे मी त्याला ओढून नेला. म्हटलं, घरात बसून काम चालत येत नाही, चार ओळखी कर. पहिला अर्धा तास हा पाण्याच्या पिंपाशी उभा. कुणाला वाटलं पाणी द्यायला ठेवलाय, त्याच्यापुढे पेला धरला, आणि याने तो भरूनही दिला! पण त्यातूनच बोलणं सुरू झालं आणि निघताना त्याच्या खिशात चौदा कार्डं होती. घरी येऊन त्याने ती पलंगावर मांडली. वहिनी म्हणाल्या, ‘‘पत्ते खेळायचेत का?’’ खूप दिवसांनी त्या घरात कुणी हसलं.

दुसऱ्या दिवसापासून त्याने एकेकाला फोन लावले. तेरा जण म्हणाले, ‘‘कळवतो.’’ आपल्या भाषेत याच्याइतका सभ्य नकार दुसरा नाही. वेलांटी मात्र कार्डामागे तारीख घालून लिहायचा, ‘कळवणार आहेत’.

चौदावं कार्ड खरं होतं. शाळेची पुस्तकं छापणाऱ्या एका बाईंचं. त्या माझ्यादेखत त्याला म्हणाल्या होत्या, ‘‘मला नजरेचा माणूस हवाच आहे. दोन ओळी लिहून पाठवा, म्हणजे माझ्या लक्षात राहील.’’

दोन ओळी लिहायला याने तीन दिवस घेतले. ‘आपली भेट झाली’ की ‘आपली भेट घडली’, यात एक अख्खी दुपार गेली. मी म्हटलं, अरे, प्रेमपत्र आहे का? अखेर पत्र गेलं. आठवडा झाला, उत्तर नाही. याने फोन केला, बाई बैठकीत. पुन्हा केला, बाई बाहेरगावी. तिसऱ्यांदा करताना मी त्याला पाहिलं. नंबर कागदावरून एकेक आकडा नाकाशी धरून वाचत होता. तेव्हाच मला कळायला हवं होतं, पण मला थट्टा सुचली. म्हटलं, वास घेतोस का रे?

महिना संपायला चार दिवस उरले, तसा मी त्याला न सांगता बाईंकडे गेलो. त्यांनी खणातून पाकीट काढलं. पत्र सुरेख होतं. पण सोबत याने त्यांचं कार्डही पाठवलं होतं, तांबड्या शाईने दुरुस्त करून. ‘संचालिका’ या शब्दात ‘च’पुढे खूण, समासात ठसठशीत काना आणि खाली वळणदार अक्षरात लिहिलेलं: ‘एक काना राहिला आहे. पुढील छपाईत घ्यावा.’

मी म्हटलं, ‘‘बाई, खोड आहे हो त्याची. राग मानू नका.’’

‘‘राग कसला? चूक सापडली असती तर त्याच दिवशी बोलावलं असतं.’’ त्यांनी कार्ड उजेडात धरलं. ‘‘नीट बघा.’’

बारीक सोनेरी अक्षरं होती. काना होता. केसासारखा, पण होता.

‘‘मुलांची पुस्तकं आहेत, काका,’’ बाई म्हणाल्या. ‘‘कशी देऊ सांगा.’’

घरी आलो तर वहिनी जिन्यातच उभ्या. मी तोंड उघडण्याआधीच म्हणाल्या, ‘‘चष्मा तीनदा बदलला. डॉक्टर म्हणतात, आता चष्म्याचं काम नाही. यांना वाटतं, मला ठाऊक नाही.’’

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, हे गल्लीला पाठ आहे. ही एक गोष्ट मात्र मी गिळली.

महिनाअखेरीस टेंपो आला. सामान थोडंच होतं. पुढे बसण्याआधी वेलांटी माझ्याजवळ आला. चौदाही कार्डांचा हिशेब त्याच्या डोक्यात होता.

‘‘त्या बाईंनी कळवलं नाही ते नाही,’’ तो म्हणाला. ‘‘पण काना तरी घेतला असेल ना?’’

‘‘घेतला,’’ मी म्हटलं. ‘‘मी नवं कार्ड पाहिलं.’’

‘‘मग झालं.’’ त्याचा चेहरा जरा निवळला. मग त्याने टेंपोच्या पाठीवर रंगवलेल्या अक्षरांशी नाक नेलं आणि सवयीने बोट ठेवलं. ‘‘हे बघ, ‘कायालय’ लिहिलंय. रफार खाल्ला पेंटरने.’’

रफार होता. पांढऱ्या रंगात, हातभर अंतरावरून मला दिसत होता. वहिनींनाही दिसत होता.

‘‘खाल्लाच की,’’ मी म्हटलं.

वहिनींनी त्याचा हात धरून त्याला पायरी दाखवली.