मालतीबाईंची खुर्ची

मालतीबाईंचे पाय गेले, ही बातमी सोमवारी तापीपलीकडे जैनाबादपर्यंत पोचली. मंगळवारी त्याच मालतीबाई दोन भरल्या पिशव्या घेऊन बाजारातून तरातरा चालताना दिसल्या. झालं! समोरच्या रंभाबाईंना बातमी कच्चीच तोडायची सवय. त्यांनी गल्लीभर कुजबुजून सांगितलं, "सुनेला राबवायला सोंग घेतलंय म्हातारीनं. सून मागून चालते, ही महाराणीसारखी चाकांच्या खुर्चीत!"

मालतीबाईंनी तीस वर्षं बुऱ्हाणपुरातल्या पोरींना गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर डोळे वटारायला समोर कोणी उरलं नाही, म्हणून त्या मोबाइलवरच्या 'आडवे-उभे' ग्रुपात शिरल्या. तिथं रोज सकाळी कोणीतरी शब्दकोडं टाकतं आणि दुपारपर्यंत वीस माणसं भांडतात. सगळ्यांत अवघड कोडी भुसावळच्या गायत्रीची. मालतीबाईंना ती कधी सुटत, कधी नाही. म्हणून तर त्यांचा जीव तिच्यावर.

यंदा सगळ्यांनी एकदा प्रत्यक्ष भेटायचं ठरलं. गाव बुऱ्हाणपूर, जागा मालतीबाई बघणार. सगळे हो म्हणाले. गायत्रीनं लिहिलं, "मला जमणार नाही. शुभेच्छा."

मालतीबाईंनी तडक फोन लावला. "शुभेच्छा कसल्या देतेस? तूच नाहीस तर भांडायचं कोणाशी?"

"ताई, मी व्हीलचेअरवर असते. भाचीच्या लग्नात चौघांनी मला खुर्चीसकट जिना चढवला. पदर सावरू की खुर्ची धरू, कळेना. वर गेल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. तेव्हापासून मी कुठं जातच नाही."

"कोणाचा हात लागणार नाही अशी जागा शोधली तर येशील?"

"आधी शोधा," गायत्री म्हणाली.

मालतीबाईंना असं आव्हान आजवर कोणी दिलं नव्हतं. त्यांनी मंगल कार्यालयांना फोन केले. जो तो म्हणे, "रॅम्प है ना, मॅडम!" वही घरी राहिली म्हणणाऱ्या पोरी जिनं तीस वर्षं ओळखल्या, ती बाई यावर विश्वास ठेवेल? शेजारच्या अरविंदच्या आईची व्हीलचेअर माळ्यावर पडून होती. ती उतरवून घेतली आणि सून रश्मीला म्हणाल्या, "चल. मी पडले तरी हात लावायचा नाही."

"पडलात तर व्हिडिओ काढू का?" रश्मीनं विचारलं.

पहिल्या कार्यालयातला रॅम्प मोठमोठी पातेली वर ओढायचा, चांगलाच चढाचा निघाला. अर्ध्यावर जाऊन मालतीबाई सुर्रकन मागे आल्या त्या थेट कांद्याच्या ढिगात. मॅनेजर धावला. "माताजी, चार लड़के बुला लेते हैं, उठा के ले जाएँगे."

"चौघांनी उचलायचा दिवस येईल माझा, तेव्हा मी तक्रार करणार नाही. आज नको."

दुसरीकडे हॉल झकास, पण संडासाच्या दारातच खुर्ची अडकली. संतापून मालतीबाई ताडकन उठल्या आणि मॅनेजरला दाराची रुंदी दाखवू लागल्या. तो बिचारा त्यांच्या पायांकडेच बघत राहिला. देवीचा चमत्कार झाला असं वाटून त्यानं हातही जोडले.

जागा सापडली ती जवळच्या जसोंडी गावात. भूपेंद्र नावाच्या केळीच्या व्यापाऱ्याचं पॅकिंगचं शेड. कॅरेटच्या हातगाड्या दिवसभर इकडून तिकडे पळतात, म्हणून कुठंही उंबरा नाही, पायरी नाही, दार ट्रकएवढं. संडास प्रशस्त होता, कमोडही होता. फक्त दार आत उघडायचं. मालतीबाईंनी भूपेंद्रला समोर उभं करून ते बाहेर उघडेल असं लावून घेतलं, बाजूला धरायला दांडा ठोकून घेतला, आणि खुर्चीतून तीनदा आतबाहेर केलं.

ग्रुपवर योगेंद्र कुरकुरला, "संमेलन, ते पण केळीच्या शेडमध्ये?"

मालतीबाईंनी लिहिलं, "तुम्हाला हॉलच हवा तर तिथं एकटे बसा. कांदे आहेत सोबतीला."

रविवारी गायत्री आली. गाडीतून आपल्या खुर्चीत सरकली, स्वतः चाकं फिरवत आत गेली. शेडच्या मधोमध थांबून तिनं चारी बाजूंना पाहिलं. मदतीला उठलेल्या योगेंद्रला मालतीबाईंनी डोळ्यांनीच खाली बसवलं.

"ताई, कालच्या कोड्यात तुमचं सात उभं चुकलंय," गायत्री म्हणाली. पुढं दोन तास दोघींनी कोणाला बोलू दिलं नाही.

मालतीबाईंच्या पायांना काही झालेलं नव्हतं. गायत्रीला जागा चालेल का, हे बघायला त्या चार दिवस खुर्चीत बसल्या होत्या. रश्मीनं ती खुर्ची एकदाही ढकलली नाही.