एका तारखेचे दोन दिवस

युसूफचाचा खडू आधी पाण्यात बुडवायचे, मग लिहायचे. दिनाला निळा, जयंतीला पिवळा, पुण्यतिथीला पांढरा. ओळ संपली की दोन पावलं मागं सरून मान तिरकी करायचे. कुणी चूक दाखवली तर आधी आभार, मग वाद. आणि फळा पुरा होईपर्यंत तोंडात घास नाही. नाश्त्याचा डबा खिडकीत तसाच.

चाळीस वर्षं त्यांनी शहागंजातल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले नि काम गेलं. तेव्हापासून तिथल्याच वाचनालयाच्या दारात रोज सकाळी दिनविशेषाचा फळा लिहायचे. सोनिया तिथं तात्पुरत्या नोकरीवर लागली. हातात मराठी साहित्याची पदवी, आणि काम पुस्तकांना नंबर चिकटवायचं. चाचांनी दुसऱ्याच दिवशी तिला मजकूर शोधायला बसवलं.

एका तारखेला दोन दिवस आले की चाचांना हुरूप यायचा. गेल्या वर्षी एकोणीस नोव्हेंबरला जागतिक शौचालय दिन आणि आंतरराष्ट्रीय पुरुष दिन एकत्र आले. ग्रंथपाल कारभारीकाका म्हणाले, एक पुसा, लोक हसतील.

"हसू द्या की," चाचा म्हणाले. "दोघं एका तारखेत नांदायलेत, तुम्ही कशाला वाटणी करता?"

यंदाच्या चौदा नोव्हेंबरला बालदिन आणि जागतिक मधुमेह दिन. वाचनालयानं दोन्ही धरले होते. मुलांना पेढे, आणि अकरा वाजता मोठ्यांची साखर तपासणी. काकांनी दाराला पोस्टर लावलं होतं, साखरेच्या वाटीवर लाल फुली. चाचांना स्वतःला बारा वर्षांपासून मधुमेह. घरून इन्शुलिन टोचून आले, डबा खिडकीत ठेवला आणि स्टुलावर चढले. मजकूर दुप्पट होता. वेळही दुप्पट लागत होता.

साडेनऊला खडू थांबला. सोनियाला वाटलं, अक्षरांचा अंदाज घेताहेत. मग तिला त्यांची भिजलेली कॉलर दिसली. तिनं हात धरून त्यांना खाली उतरवलं. त्यांचा हात थरथरत होता.

"वहिदा," ते तिला म्हणाले. वहिदा त्यांची बायको.

खिडकीतला डबा तसाच बंद दिसला, तशी सोनियानं पेढ्यांचा खोका ओढला. काकांनी त्यावर हात ठेवला. "येडी का काय तू? शुगरच्या माणसाला पेढा? मारशील त्यांना."

वर्तमानपत्र वाचायला आलेल्यांनी माना डोलावल्या. एकानं कारल्याचा रस सुचवला. काकांनी अँब्युलन्सला फोन लावला.

सोनियाचा हात थांबला. काका वयानं मोठे, आणि दारावरचं पोस्टरही तेच सांगत होतं. चाचांची मान कलली. तेव्हा तिला कालची ओळ आठवली. साखर तपासणीच्या शिबिराच्या पत्रकातून चाचांनी तीन ओळी निवडल्या होत्या. तिसरी अशी: घाम, थरथर, असंबद्ध बोलणं ही साखर उतरल्याची खूण असू शकते, गिळता येत असेल तर लगेच गोड द्या. फळ्यावर जागा पुरत नव्हती. ही ओळ काढू, असं तीच म्हणाली होती. चाचा कुरकुरले, पण त्यांनी ऐकलं.

ती वाद घालत बसली नाही. चहाच्या साखरेचे चार चमचे ग्लासभर पाण्यात ढवळले. "चाचा, घोट घ्या."

पहिला घोट हनुवटीवरून ओघळला. दुसरा त्यांनी गिळला.

"काही झालं तर जबाबदारी तुझी," काका म्हणाले.

"माझी."

ग्लास संपला. भिंतीवरच्या घड्याळात दहा मिनिटं गेली, दारात अँब्युलन्स येऊन थांबली. मग चाचांनी तिच्याकडं नीट पाहिलं.

"सोनिया," ते म्हणाले. "अँब्युलन्स कोणासाठी?"

ती स्टुलाशेजारी फरशीवर बसली.

वहिदाचाची धावत आल्या आणि चाचांसोबत दवाखान्यात गेल्या. दुपारी चाचांच्या मुलाचा, रिझवानचा फोन आला. अब्बू बरे आहेत, दोन दिवस ठेवणार आहेत, पण फळा आता बंद.

काकांनी तो पुसायला फडकं आणलं. सोनियानं ते त्यांच्या हातातून घेतलं आणि टेबलावर ठेवलं. फळ्यावर 'बालदिन' लिहून झालं होतं. त्याखाली निळ्या खडूत 'जागतिक'. कशाचा दिवस, ते लिहायचं राहिलं होतं.