निवलेलं कालवण

सरकारांचा धाकटा भाऊ जेवणानंतर ओकून ओकून गेला, तेव्हा विषाच्या संशयानं त्या सरदारघराण्यात चाखणारी आली. गडीमाणसं तिला 'मांजर' म्हणत, सगळ्यांच्या आधी तोंड घालते म्हणून. तिला मागे-पुढे कुणी नव्हतं. "मरणाचं खाते, पण गरमागरम खाते," असं ती स्वयंपाकिणीला हसत सांगे.

रीत ठरलेली. कालवण उतरलं की तिनं घास घ्यायचा आणि ती जगते का हे बघत घरानं थांबायचं. तोवर ते आंबट कालवण तांब्याच्या पातेल्यात झाकलेलं. पातेल्याची कल्हई कधीच उडाली होती. पण विषाच्या धास्तीनं परका कल्हईवालाही दारात येऊ देत नसत. सरकार स्वतः तर नुसत्या दुधावर आले होते.

तरी सरकारांची बहीण गेली. मग थांबणं वाढलं. सकाळी चाखलेलं संध्याकाळी वाढू लागले. मग सून गेली.

तपासनीस आला. घर उलथंपालथं करून त्याचं बोट तिच्यावर येऊन थांबलं.

"तू खातेस, धडधाकट राहतेस. ते खातात, मरतात. चाखल्यावर काय टाकतेस गं?"

"साहेब, मीठ टाकायचीसुद्धा मला मुभा नाही." तिला समोर फास दिसत होता. "आज सकाळी चाखलेलं तेच कालवण आणा. सगळ्यांदेखत खाते."

पहिल्याच घासाला जीभ आखडली. पातेल्याच्या कडेला हिरवट तवंग. इतक्या दिवसांत तिनं हे निवलेलं कधी खाल्लंच नव्हतं.

"सरकार, कळकलंय हो हे! पातेल्यात राहून कळकलंय, तांबं उतरलंय यात. विष कुणी घातलेलं नाही!"

"आता भांड्यावर ढकल," सरकार म्हणाले. "का थांबलीस? खा की."

थांबावं तर गुन्हा कबूल. ती खात राहिली, ताट पुसून रिकामं केलं. दिवे लागले तेव्हा ती पोट धरून फरशीवर लोळत होती, आणि मग लोळणंही थांबलं.

"स्वतःचंच विष भोवलं," तपासनीस म्हणाला आणि टोपी उचलली.

पातेलं राखेनं लख्ख घासून फळीवर गेलं. नवी चाखणारी आली. सरकारांनी तिला बजावलं, "आता चाखलेलं दुसऱ्या दिवशीच वाढायचं."

तिनं गरम घास घेतला, बोटं चाटली.

"झकास झालंय," ती म्हणाली, आणि पातेल्यावर झाकण ठेवलं.