धाकटीच्या गालाचं माप

थोरली चष्म्याच्या दुकानात कामाला होती आणि तिच्या जिभेला हाड नव्हतं. गिऱ्हाइकाने दोनदा फ्रेम बदलून मागितली की ती म्हणे, "नाक बदलून आणा, फ्रेम बरोबर आहे." मालक कपाळाला हात लावायचा. त्या बिचाऱ्याला काय माहीत, बाईंनी घरी गिळलेलं सगळं दुकानात बाहेर पडतंय!

घरी गिळावं लागे ते धाकटीच्या गालापायी. त्या गालात जन्मापासून फुगलेल्या शिरांची जांभळी गाठ होती. धाकटी रडली-ओरडली की गाठीत रक्त भरायचं, गाल टम्म व्हायचा आणि ठणकायचा. म्हणून घरात कायदा एकच, धाकटीला दुखवायचं नाही. बाहुली तिची, खिडकीजवळची जागा तिची, आईची मांडी तर तिचीच. थोरलीने ब्र काढला की आई डोळे वटारायची, "तू मोठी ना?" मोठी म्हणजे जेमतेम दीड वर्षाने! थोरली जळायची. चाळिशी आली तरी जळतच होती. बहिणीच्या दुखण्याचा हेवा करणारी बाई जगात आपण एकटीच असू, याची तिला लाजही वाटायची.

आता कुठे धाकटीने उपचार घेतले होते. त्या शिरांत औषध टोचलं की त्या आतून आकसतात. तशी इंजेक्शनं झाली आणि गुण किती आला ते मोजायला तिघी दवाखान्यात गेल्या. आईने धाकटीचा हात धरला होता. थोरलीकडे पिशव्या.

डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, आधीचे फोटो शेजारी ठेवून पाहिले. गाठ निम्म्याहून लहान झाली होती. आईच्या डोळ्यांना धार लागली. थोरलीच्या मात्र पोटात दुखलं. घ्या, कौतुकाला आणखी एक विषय!

"मला तर तेवढीच दिसते," धाकटी आरशात बघत म्हणाली.

"यंत्राचं माप वेगळं, तुमचं वेगळं," नर्सबाई म्हणाल्या. "बरं वाटल्यावर काय करायचंय, ते पहिल्या दिवशी विचारलं होतं ना? ते जमलं की खरा गुण आला."

"काय गं सांगितलं होतंस?" आईने विचारलं.

धाकटी थोरलीकडे वळली. "ताईशी कडकडून भांडायचंय."

"माझ्याशी? बाहुलीसुद्धा घेतलीस की माझी!"

"तू दिलीस! हिसकावून का नाही घेतलीस? गिऱ्हाइकांना फाडून खातेस आणि माझ्याशी मेलं गोड गोड! मी काय पाहुणी होते घरात?"

"पाहुणी? राणी होतीस! आईने मला कधी मांडीवर घेतलं?"

"आणि मला कधी एक धपाटा तरी घातला? तुझ्यावर कशी हक्काने ओरडायची! मी दाराआड उभी राहून जळायचे!"

थोरलीने आ वासला. आपल्यावरही कोणी जळत होतं, हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. धाकटीचा गाल जरासा भरला, पण फुगला नाही. नर्सबाई टेप घेऊन जवळ आल्या. "थांबू नका हं, मोजतेय मी."

"पुरे!" आई कडाडली, आणि ती चक्क धाकटीवर. "मोठ्या बहिणीशी असं बोलतात? लाज नाही वाटत?"

धाकटीचा चेहरा खुलला. थोरली सवयीने पुढे झाली, "आई, नको ना ओरडूस तिला."

"ताई, तू मध्ये पडू नकोस," धाकटी फिस्कारली. "इतक्या वर्षांनी माझा नंबर लागलाय."