फ्लेक्सवरची रिकामी चौकट

"गळ्याशपथ, भाऊ," असं म्हणत तो दोन बोटांनी गळ्याची कातडी चिमटीत धरायचा. ती चिमटी दिसली की माझा संशय वाढायचा. ऊठसूट शपथा घेणारे तुम्हीही पाहिले असतीलच. खऱ्या माणसाला एवढी गरज पडत नाही.

लाखनीत हायवेला लागून माझं फ्लेक्स छापायचं दुकान आहे. तो जवळच्या खेड्यातला, राईस मिलमध्ये कामाला. उरलेल्या वेळात आमच्या इकडच्या झाडीबोलीत रॅप करायचा. धानाची रोवणी, तलाव, ट्रक, सगळं एका दमात. छान करायचा, हे कबूल. पण एक दिवस सांगायला लागला की त्याची रील ऐकून मुंबईच्या एका गायिकेनं फोन केला, टीव्हीवर दिसते तीच, आणि नव्या गाण्यात ती पाहुणी म्हणून गाणार आहे. फ्लेक्सवर तिचा फोटो हवा होता. गावात त्याला फेकू म्हणायचे. फ्लेक्स लागला की तोंडं बंद होतील, एवढीच त्याची आस.

आता आमच्याकडे नाटकांच्या हंगामात 'मुंबईची तारका' छापून किती तारका आल्याच नाहीत, विचारू नका. शिव्या मात्र मी खाल्ल्या, छापलं मी म्हणून. मी पुरावा मागितला.

त्यानं तिथेच व्हिडिओ कॉल लावला. एक पोरगी हसली, नमस्ते म्हणाली आणि नेटवर्क गेलं. हल्ली मोबाइलमध्ये कोणाचाही चेहरा बनतो. आधी गाणं येऊ दे, मग फोटो, असं मी सुनावलं.

तो भांडला नाही, याचाही मला संशय आला.

"तिची जागा सोडून ठेवा, भाऊ. मंग लावून देजा."

तसाच फ्लेक्स त्यानं बसस्टँडवर टांगला. एकीकडे तो, शेजारी पांढरी चौकट. गायिका रोवणीला गेली काय, असं लोक विचारायचे. मीही हसलो, कशाला लपवू. ते त्यानं पाहिलं.

दोन महिन्यांनी गाणं आलं. आवाजही मशीननं बनवला असेल, असं मला वाटलं. मग त्या गायिकेनंच स्टुडिओतला व्हिडिओ टाकला. ती गात होती आणि शेजारी हा, गळा चिमटीत धरून. फार लाज वाटली मला.

चौकटीच्या मापाचा फोटो छापून मी त्याच्या घरी गेलो. फ्लेक्स खळ्यातल्या पुंजण्यावर, कापलेल्या धानाच्या ढिगावर, पांघरला होता. तो पुण्याला निघून गेला होता.

"लोकं हासले, त्याचं त्याले काही नाही वाटलं," त्याची आई म्हणाली. "तुमी हासले, ते लागलं त्याले."

तिनं शिडी धरली. मी वर चढून फोटो डकवला. माप बरोबर आलं. तो अजून माझा फोन उचलत नाही.