बॉनेटवरचा काथ्या

गाडीच्या पॉलिशची डबी उघडली की तो गोडसर, रॉकेलसारखा वास येतो आणि माझं डोकं आजही तापतं. माझ्या नोकरीवर घेतलेली माझी पहिली गाडी आम्ही पोहरादेवीला नेऊन पुजून आणली, तेव्हा नवऱ्याने तेलात कालवलेल्या कुंकवाने बॉनेटवर भलंमोठं स्वस्तिक काढलं. पांढऱ्या रंगावर त्याचा डाग बसणार हे दिसतच होतं. दुसऱ्या दिवशी मी शाम्पू, मऊ कापड आणि दोन बादल्या काढून ठेवल्या, शाळेतून आल्यावर सावलीत पुसायचं ठरवलं आणि वायपरखाली चिठ्ठी खोचली, ‘कोणीही हात लावू नये.’ परत आले तर भर उन्हात सासूबाई राख आणि काथ्या घेऊन बॉनेट घासत होत्या. स्वस्तिक गेलं होतं, त्याच्या जागी ओरखड्यांची गोल गोल जाळी उमटली होती. मी ओरडले. “काहून वरडून राह्यली वं? समई घासतो तशीच घासली, पाह्य कशी चमकून राह्यली!” “आणि चिठ्ठी?” “ते तं बाहेरच्याइसाठी असते न!” नवरा ओट्यावरून हसला, “जाऊ दे न वं, देवाचंच काम होतं.” त्या हसण्याचा राग मला ओरखड्यांपेक्षा जास्त आला. गाडी माझी, चिठ्ठी माझी, आणि मला विचारावं असं दोघांपैकी एकालाही वाटलं नव्हतं. ते ओरखडे घालवायला पॉलिशची डबी आणून मीच घासत बसले. गाडी धुण्याची यादी आता कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली आहे. तिच्यात पाणी, शाम्पू, पॉलिश या सगळ्यांच्या वर पहिली ओळ आहे: काथ्या कपाटात ठेवून कुलूप लावणे.