मालाच्या दारातून चढलेला सैनिक

"बाबा, तुम्ही परदेशी गेलाच नव्हतात," लेक म्हणाली आणि मान वर न करता फॉर्मचा पुढचा रकाना भरायला लागली.

आपण काय बोलून गेलो ते तिला बिचारीला काय ठाऊक! माजी सैनिकाचं ओळखपत्र नवीन करायचं होतं, म्हणून शाळेच्या ऑफिसातलं काम आटपून ती आईवडिलांकडे आली होती. टेबलावर वडिलांचं जुनं डिस्चार्ज बुक उघडं होतं.

शिलाई मशीन थांबलं. "काय म्हणालीस?" आईनं विचारलं.

"हे बघ ना. 'परदेश सेवा: नाही.' आणि ही तीन वर्षं सलग, 'मुख्य तळावर हजर.' बाबा, मग ते जहाज, ते डोंगर, ते तुमचं खेचर?"

"कारकुनानं चुकीचं लिहिलंय," खिडकीजवळच्या खुर्चीतून बाबा म्हणाले. "तू 'हो' लिही."

"असं कसं लिहू? पुस्तकाशी जुळायला नको?"

"मग 'नाही' लिही. मेल्यावर कोण विचारतंय, माल देशी होता की विदेशी!"

लेक खळखळून हसली. आई हसली नाही. मुख्य तळ तिला चांगला माहीत होता. बसनं दोन तास.

ही आई म्हणजे गल्लीतल्या काजवाल्या ताई. दोन शर्टवाल्यांची कामं घरी आणून त्यांची काजं करायची, बटणं लावायची, ती गेली तीस वर्षं. बोलायला तिखट, हाताला गोड. नवऱ्याला गल्ली 'खेचरवाले' म्हणायची, कारण चार माणसं जमली की त्यांच्या गोष्टीत पाचवं खेचर यायचंच.

लग्नाला दीड वर्ष झालं होतं तेव्हा हे खेचरवाले समुद्रापलीकडे गेले. जिथं गाडी पोचत नाही तिथं पाणी आणि पीठ पोचवणारी खेचरांची तुकडी, तिच्यात ते चालक. चौदा महिने. ते तिकडे असतानाच इकडे पहिलं बाळ झालं. मुलगा. आणि नवव्या दिवशी गेला. तिनं पत्र टाकलं. नवरा आला नाही. भाऊ होता, त्यानं सगळं निस्तरलं. पुढे नवरा परत आला तेव्हा दारातच उभा राहून म्हणाला, "पत्र दोन महिन्यांनी मिळालं. समुद्र होता मधे."

त्या एका समुद्रावर तिनं अडतीस वर्षं संसार केला. माणसाला दोष देता येतो, समुद्राला काय देणार? आणि आता पुस्तक म्हणत होतं की समुद्रबिमुद्र काही नव्हता. बसचा रस्ता होता.

मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. पत्रंसुद्धा त्या वेळी मुख्य तळाच्याच पत्त्यावर जायची. "तिथून पुढे पाठवतात," असं तो लिहायचा. पाठवत होते का पुढे? की तिथंच बसून वाचत होता?

विचारावं तर अडतीस वर्षांनी विचारायचं कसं? 'अहो, माझं बाळ गेलं तेव्हा तुम्ही दोन तासांवर होतात का?' हो म्हणाला तर पुढे करायचं काय? आणि नाही म्हणाला तर खरं कशावरून? तिनं तोंडात मिठाची गुळणी धरली.

तिसऱ्या दिवशी खेचरवाल्यांनी कप खाली ठेवला. "चहात साखर नाही."

"डबा जिथं असतो तिथंच आहे."

"काय बिनसलंय?"

"ते पुस्तक दुरुस्त करून घ्या. रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा."

"कशाला? मेडल लावून भाजी आणायला जाऊ?"

"माझ्यासाठी करा."

"तुला काय त्याचं?" आणि मग त्यांचा आवाज खाली आला. "तुझा विश्वास नाही माझ्यावर?"

"मी असं म्हटलं का?"

"म्हटलं नाहीस, साखर घातली नाहीस! मी होतो तिथं होतो. कुणापुढे सिद्ध करायला जाणार नाही." त्यांनी वर्तमानपत्र उघडलं आणि त्याच्यामागे गेले.

खेचराबरोबर उमेदीची वर्षं काढली की माणूसही तसाच होतो. पुढून ओढलं की मागे सरकणार. तिनं ओढणं सोडलं. दुसऱ्या दिवशी तयार शर्टांचा गठ्ठा दुकानात टाकला, पुस्तक पिशवीत घातलं आणि एकटीच रेकॉर्ड ऑफिसला गेली.

लांबलचक खोली, छतापर्यंत फडताळं आणि टेबलामागे गळ्यात चष्मा अडकवलेल्या एक कारकून बाई. त्यांनी पुस्तक चाळलं, आत जाऊन एक जाड रजिस्टर पाहून आल्या आणि मान हलवली.

"तुम्ही सांगितलंत त्या जहाजावर चढलेल्या सैनिकांची यादी बघितली. तुमच्या यजमानांचं नाव नाही त्यात."

तिनं पुस्तक पुन्हा त्यांच्यापुढे सरकवलं. "नीट बघितलंत?"

"दोनदा. साक्षीदार आहे कुणी?"

"माझ्या माहितीतले दोघंच. एक वारला. दुसऱ्याला स्वतःचं नाव आठवत नाही, यांचं कुठून आठवणार?"

"मग कठीण आहे, ताई."

"कठीणच असणार. माणसांच्या यादीत कसे सापडतील हो ते?" तिचा राग कुठेतरी निघायलाच हवा होता, तो इथं निघाला. "ते माणसांबरोबर गेलेच कुठे? त्यांच्याबरोबर बाईसाहेब होत्या ना!"

कारकून बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "कोण बाईसाहेब?"

"खेचर हो! चार पायांची सवत माझी. जहाजात शिरेना म्हणे. मग हे आधी शिरले मालाच्या दारातून, आणि त्यांना बघून ती शिरली. अडतीस वर्षं जेवताना ऐकतेय मी. खोटं असलं तर निदान चव बदलून तरी सांगावं माणसानं!"

"थांबा, थांबा. मालाच्या दारातून? शिडीवरून नाही?"

"खेचर शिडी चढेल का, बाई?"

कारकून बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "नावं शिडीच्या पायथ्याशी लिहितात. तिथं टेबल टाकून एकजण बसतो. सैनिक वर चढला की नावापुढे खूण. मालाच्या दाराशी माणसांची यादी नसतेच. तिथं पिठाची पोती, दोर, जनावरं."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमचे यजमान खरंच गेले असतील तर मालात गेले. आणि इकडे तळावर ते गेल्याची नोंद आलीच नाही, म्हणून हजेरी आपली चालू. हजर, हजर, हजर."

"गेले असतील तर," तिनं तेवढंच उचललं. "आणि गेले नसतील तर?"

"ते खेचराला विचारू या," बाई म्हणाल्या, आणि त्या चेष्टा करत नव्हत्या. "माणूस काय, कुठेही पाठवतात. जनावर समुद्रापार न्यायचं तर रक्त तपासा, एकवीस दिवस वेगळं बांधा, तिकडे उतरल्यावर पुन्हा तपासा. प्रत्येक जनावराचं कार्ड असतं आणि कार्डावर चालकाची सही. मागच्या आवारात जनावरांचा विभाग आहे. फक्त खूरनंबर लागेल. खुरावर डागतात तो."

ती घरी आली. वर्तमानपत्र अजून उघडंच होतं.

"बाईसाहेबांचा खूरनंबर काय होता?"

"सात एक चार शून्य," वर्तमानपत्रामागून आवाज आला. आणि क्षणानं, "का?"

"काही नाही. नातवाचा वाढदिवस कधी असतो?"

वर्तमानपत्राचं पान उलटलं.

"वाटलंच मला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती परत गेली. जनावरांच्या विभागात कार्डं सांभाळणारे एक गृहस्थ होते. धुळीचं त्यांना वावडं आणि नोकरी सगळी धुळीत. एक शिंक, एक खण, एक शिंक, एक खण, असं करत त्यांनी तासाभरात कार्ड बाहेर काढलं. जाड, पिवळट, चार घड्यांचं.

"खेचर, मादी, रंग गडद तपकिरी, स्वभाव..." ते थांबले. "स्वभाव पुढे लिहिलाय, 'स्वतःचा.'"

"तीच ती," ती म्हणाली.

कार्डावर सगळं होतं. वेगळं बांधल्याचे एकवीस दिवस. जहाजात चढवल्याची तारीख. तिकडे उतरवल्याची. मग दर आठवड्याला एक ओळ: वजन, खूर, दात आणि शेवटी चालकाची सही. पहिल्या अक्षराची शेपटी ओळीखाली लोंबणारी, प्रेमपत्रं लिहितानाही सरळ न झालेली ती सही तिनं अंधारातही ओळखली असती. तिनं बोट ठेवून एकेक आठवडा मोजला. बाळ झालं तो आठवडा: सही. बाळ गेलं तो आठवडा: सही. समुद्रापलीकडे.

तिचा जीव भांड्यात पडला.

ती पुढे वाचत गेली, आता नुसतीच, सहीला भेटत भेटत. दोन महिन्यांनंतरच्या एका ओळीत सही नव्हती. तिथं जनावरांच्या डॉक्टरचं बारीक, घाईचं अक्षर होतं.

'दोन दिवस चारा सोडला. ताप नाही, पोट साफ. कारण: चालकाला घरून मूल गेल्याचं पत्र आलं. चालक तबेल्यात जनावराच्या पायाशी बसून आहे. तो जेवत नाही म्हणून हेही जेवत नाही. दोघांना कामातून सुटी.'

"बाई, बसता का?" गृहस्थ घाबरले. "वाईट बातमी आहे का काही?"

"नाही हो," ती पिशवीत रुमाल शोधत म्हणाली. "चांगली आहे. फार चांगली बातमी आहे." आणि ढसाढसा रडली. गृहस्थांना काय करावं सुचेना, त्यांनी सोबत म्हणून दोन शिंका दिल्या.

"याच्या दोन प्रती काढा," ती नाक पुसत म्हणाली. "एक ऑफिसाला. एक माझी."

त्या संध्याकाळी खेचरवाल्यांनी पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आज साखर फार झालीय."

"पिऊन टाका. कार्ड सापडलं."

"मी सांगत होतो," ते म्हणाले, आणि कप रिकामा करून पुढे केला. "अजून आहे का?"

दुसरी प्रत मात्र तिनं दिली नाही. द्यायची होती, पण कशी, ते कळेना. देताना सांगावं लागणार होतं की आपण काय काय मनात आणलं होतं.

सहा आठवड्यांनी ऑफिसातून दोघांना बोलावणं आलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. कारकून बाईंनी लाल शाईनं 'नाही'वर रेघ मारली, वर लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि मोठ्यानं वाचून दाखवलं, "परदेश सेवा: एक वर्ष, दोन महिने."

"शिक्का नीट उमटला का?" खेचरवाल्यांनी वाकून पाहिलं. कुणापुढे सिद्ध करणार नाही म्हणणारा माणूस!

"उमटला, काका. आणि त्या दारातून तुमच्यासारखे आणखी दहा चालक गेले होते. त्यांचीही पुस्तकं मागवली आहेत मी."

"दहाही जण गेले होते," ते म्हणाले. "मी साक्ष देतो. कुठं सही करू?"

बाहेर बसथांब्यावरच्या बाकावर दोघं बसली. पुस्तक त्यांच्या मांडीवर होतं. ती म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही दोन तासांवर होतात."

त्यांनी मांडीवरचं पुस्तक मिटलं. "कळलं होतं मला."

"मग बोलला का नाहीत?"

"तू विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर चिडला असतात."

"चिडलो असतोच की!" ते म्हणाले. "पण सांगितलंही असतं."

तिनं पिशवीतून दुसरी प्रत काढून त्यांच्या हातात दिली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं. त्यांनी वाचलं. पुन्हा वाचलं. चष्मा काढला, शर्टाला पुसला, काहीच फरक पडला नाही तेव्हा तसाच घातला.

"हे लिहून ठेवलं होय त्यानं," ते पुटपुटले. "मला वाटायचं, त्या डॉक्टरला दातांपलीकडे काही दिसत नाही."

"मला का नाही सांगितलंत कधी?"

"काय सांगायचं? तू इकडे एकटीनं सगळं निभावलंस. आणि मी येऊन सांगू, की मी तबेल्यात बसून रडलो? तुझ्यासमोर ते फार थोडं वाटलं मला."

"थोडं नव्हतं ते," ती म्हणाली.

बस आली. दार उघडलं, कुणी चढलं नाही, दार मिटलं, बस गेली. त्यांनी प्रतीची घडी घातली, खिशात ठेवली, आणि इतक्या वर्षांत एकदाही न विचारलेलं, खाली मान घालून, विचारलं.

"कुणासारखा होता गं तो?"

तिला उत्तर शोधावं लागलं नाही. "नाक तुमचं. कान माझ्या भावाचे, दोन्ही बाजूंना उघडे. आणि आवाज केवढा! शेजारीण म्हणाली, हा काही बोलणार नाही, हुकूमच सोडणार."

ते हसले. हसता हसता हाताच्या मागच्या बाजूनं डोळे पुसले. "आणि?"

"आणि झोपताना एक मूठ कायम घट्ट. उघडायला गेलं की जास्तच आवळायचा."

लांबून दुसरी बस येताना दिसली. ती सवयीनं उठायला लागली. त्यांनी तिच्या मनगटाला धरून खाली बसवलं.

"जाऊ दे तीही," ते म्हणाले. "पहिल्या दिवसापासून सांग."